पातळी भरलेली, पण ब्रेक गेला

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्याच्या सुटीत आम्ही कराडहून चिपळूणला निघालो होतो. गाडी जुनी, तीही दुसऱ्याने वापरून विकलेली. गाडीत माझी आई, पत्नी आणि दोन मुले. निघण्यापूर्वी मी बॉनेट उघडून सगळे पाहून घेतले होते. इंजिन ऑइल, रेडिएटर, बॅटरी, ब्रेक ऑइल, सगळ्यांची पातळी अगदी खुणेपर्यंत होती.

कोयनानगर मागे पडले आणि कुंभार्ली घाट सुरू झाला. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवायची मला तेव्हा खोड होती. त्यामुळे गाडी आवरण्याचे सगळे काम एकट्या ब्रेकवर. निम्मा घाट उतरलो असू. एका वळणाआधी ब्रेकवर पाय दिला आणि पाय सरळ खालपर्यंत गेला, जणू कापसात रुतल्यासारखा. गाडी मात्र तशीच पुढे. तीन-चार वेळा भराभर ब्रेक दाबला, कसाबसा दुसरा गिअर टाकला आणि हँडब्रेक हळूहळू ओढत गेलो. डोंगराच्या बाजूच्या गटाराला घासत गाडी थांबली. आई म्हणाली, "बाबा रे, इथून पुढे चालतच जाऊ."

पाऊण तास आम्ही कडेला बसून होतो. मग सहज ब्रेक दाबून पाहिला, तर तो पूर्वीसारखाच टणक! पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलाने पोफळीपर्यंत उतरलो आणि तिथून चिपळुणात एका गॅरेजवर गेलो. मेकॅनिकने ब्रेक ऑइलची बाटली पाहिली आणि तो म्हणाला, "मास्तर, पातळी बरोबर आहे हो. पण हे ऑइल शेवटचं कधी बदललंत?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मी ते कधीच बदललेले नव्हते.

या प्रसंगात दोन कोडी आहेत. पातळी भरलेली असताना ब्रेक गेला कसा? आणि काहीही दुरुस्ती न करता तो परत आला कसा? दोन्हींचे उत्तर आपण आठवी-नववीला शिकवतो त्या विज्ञानातच आहे.

किती आणि कसे

गाडीतल्या प्रत्येक द्रवाला दोन प्रश्न विचारावे लागतात. तो किती आहे? आणि तो कसा आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर खुणेकडे पाहून मिळते. दुसऱ्याचे मिळत नाही. प्रत्येक द्रव गाडीत त्याच्या एखाद्या खास गुणधर्मासाठी भरलेला असतो. ब्रेक ऑइल दाबले जात नाही म्हणून, कूलंट उष्णता वाहून नेतो म्हणून, इंजिन ऑइल दोन धातूंमध्ये पातळ थर धरून राहते म्हणून. द्रव जागच्या जागी राहूनही हा गुणधर्म हळूहळू हरवू शकतो. मी घाटाआधी फक्त पहिला प्रश्न विचारला होता.

ब्रेक ऑइल : दोन सिरिंजचा प्रयोग

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम. पास्कलने तो १७ व्या शतकात मांडला. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली मोटार मात्र अमेरिकेत ड्यूझेनबर्ग कंपनीने १९२१ साली आणली. पायाने ब्रेक दाबला की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ऑइलवर दाब देतो. तो दाब नळ्यांतून चाकापाशी पोहोचतो आणि तिथले दट्ट्ये ब्रेकच्या पट्ट्या फिरत्या चकतीवर किंवा ड्रमवर आवळतात.

वर्गात हे दाखवायला दोन कोऱ्या सिरिंज (सुया काढून टाका) आणि सलाइनच्या नळीचा वीतभर तुकडा पुरतो. दोन्ही सिरिंज आणि नळी पाण्याने पूर्ण भरून जोडा. हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका. एक दट्ट्या दाबला की दुसरा तत्काळ बाहेर सरकतो. दुसरा दट्ट्या बोटाने घट्ट धरून ठेवला तर पहिला दाबतच नाही. हा टणक ब्रेक. आता नळीत मुद्दाम दोन-तीन मिलिलिटर हवा घ्या आणि तेच करा. दुसरा दट्ट्या धरून ठेवला तरी पहिला आत जातो, कारण हवा दाबली जाते. घाटात माझ्या पायाला नेमके हेच जाणवले होते.

पण माझ्या गाडीच्या बंद नळ्यांत वायू आला कुठून? त्यासाठी आधी उष्णतेचा हिशेब करू. माणसांसकट गाडीचे वस्तुमान १२०० किलोग्रॅम आणि उतार ५०० मीटर उंचीचा धरा. स्थितिज ऊर्जा १२०० × ९.८ × ५०० म्हणजे सुमारे ५९ लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेने सुमारे २० लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत येईल. गाडी गिअरमध्ये असेल तर यातला मोठा वाटा इंजिन उचलते. न्यूट्रलमध्ये जवळजवळ सगळा भार ब्रेकवर पडतो. चकत्या आणि ड्रम शेकडो अंशांपर्यंत तापतात आणि ती उष्णता हळूहळू ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते.

ऑइल ताजे असते तर त्याने हे सोसले असते. ब्रेक ऑइलच्या बाटलीवर 'डॉट ३', 'डॉट ४' असे लिहिलेले असते. या अमेरिकन मानकांनुसार डॉट ३ प्रकारचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, आणि डॉट ४ प्रकारचे २३० अंशांपर्यंत. पण याच मानकांत आणखी एक आकडा असतो, ऑइलमध्ये ३.७ टक्के पाणी मिसळल्यानंतरच्या उत्कलनबिंदूचा. तो डॉट ३ साठी किमान १४० आणि डॉट ४ साठी किमान १५५ अंश. चार टक्क्यांहून कमी पाण्याने ६५ ते ७५ अंशांची घट!

आणि हे पाणी कोणी ओतावे लागत नाही. ब्रेक ऑइलला आपण ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हे. ते ग्लायकॉल जातीच्या रसायनांचे बनलेले असते आणि या रसायनांना पाण्याची ओढ असते. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, तसेच हेही हवेतली वाफ शोषून घेते. झाकणाच्या बारीक छिद्रातून आणि रबरी नळ्यांच्या भिंतींतूनही ती आत शिरते. कोकणातल्या दमट हवेत तर ती भरपूर. पाणी ऑइलमध्ये पूर्ण विरघळते, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही आणि पातळीही फारशी बदलत नाही.

आता दोन्ही कोडी सुटतात. घाटात ऑइल तापले, त्यातल्या पाण्यामुळे ते लवकर उकळले आणि नळ्यांत वाफेचे बुडबुडे झाले. द्रवाची वाफ झाली की तिचे आकारमान शेकडो पटींनी वाढते, म्हणून अगदी थोडे ऑइल उकळले तरी पुरते. पाऊण तासात नळ्या थंड झाल्या, वाफेचे पुन्हा पाणी झाले आणि ब्रेक टणक झाला. हँडब्रेकने साथ दिली कारण माझ्या गाडीत तो ऑइलवर नव्हे, तारेच्या केबलने चालत होता.

जाता जाता, माझ्या पेट्रोल वाचवण्याविषयी. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत उतारावर गिअर तसाच ठेवून अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला इंधन जाणे बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते. म्हणजे जोखीम घेऊन वाचवायचे काहीच नाही.

*घरी काय पाहावे?* पातळी 'मिनिमम' आणि 'मॅक्सिमम' या दोन खुणांमध्ये असावी. ब्रेकच्या पट्ट्या झिजतात तसे चाकाजवळचे दट्ट्ये थोडे बाहेर येतात आणि बाटलीतली पातळी सावकाश उतरते. म्हणून ती खाली दिसली तर आधी पट्ट्या तपासून घ्या. पातळी थोड्या दिवसांत उतरली तर कुठेतरी गळती आहे, मग गाडी चालवूच नका. भर घालायची तर झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचेच ऑइल, नव्या सीलबंद बाटलीतून. अर्धी उरलेली जुनी बाटली वापरू नका, तिने आधीच पाणी शोषलेले असते. हे ऑइल गाडीच्या रंगावर सांडले तर रंग उचलला जातो, लगेच पाण्याने धुवा. ते बदलण्याची मुदत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते, बहुतेक गाड्यांना सुमारे दोन वर्षे. बदलताना प्रत्येक चाकापाशी नळ्यांतली हवा काढावी लागते. त्यात चूक झाली तर ती पहिल्या उतारावरच कळते. म्हणून हे एक काम मी जाणकाराकडून करून घेतो आणि तारीख बॉनेटच्या आत चिठ्ठीवर लिहून ठेवतो.

कूलंट : बॉनेटखालचा कुकर

आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग रेडिएटरमध्ये साधे पाणी का नको, असा प्रश्न अनेक जण विचारतात. उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत पाणी खरोखर उत्तम आहे. त्याची विशिष्ट उष्णता इथिलीन ग्लायकॉलच्या पावणेदोन पटींच्या आसपास असते. तरीही ग्लायकॉल मिसळतात ते तीन कारणांसाठी. एक, पाणी व ग्लायकॉल समप्रमाणात असलेले मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. लेहला जाणाऱ्याला हे महत्त्वाचे, सोलापूरकराला नाही. दोन, या मिश्रणाचा उत्कलनबिंदू पाण्यापेक्षा सात-आठ अंशांनी जास्त असतो. तीन, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायने असतात. नळाच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने मात्र चहाच्या भांड्यात बसतो तसा क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

रेडिएटरचे झाकण हे कुकरच्या शिट्टीचे भावंड आहे. कुकरमध्ये दाब वाढवून आपण पाणी सुमारे १२० अंशांना उकळवतो. इथेही झाकण दाब धरून ठेवते, म्हणून १०० अंशांच्या वर जाऊनही कूलंट उकळत नाही. पण झाकण उघडताच दाब जातो, उत्कलनबिंदू खाली येतो आणि आतले सगळे एकाच वेळी उसळून अंगावर येते. वाफ असलेल्या कुकरचे झाकण आपण ओढत नाही. गरम इंजिनाचे हे झाकणही कधीच उघडू नये.

*घरी काय पाहावे?* इंजिन थंड असताना, शक्यतो सकाळी, प्लॅस्टिकच्या टाकीतली पातळी बाहेरूनच पाहा. पातळी वारंवार उतरत असेल तर गळती शोधा, नुसती भर घालत राहू नका. भर घालायची तर त्याच प्रकारचा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. वेगवेगळ्या जातींचे कूलंट रंग सारखा दिसला तरी मिसळू नका. इथेही पातळी सगळे सांगत नाही. ग्लायकॉल तसेच राहते, पण गंजरोधक रसायने खर्च होतात, म्हणून पुस्तिकेतल्या मुदतीला कूलंट बदलावाच लागतो. तो घरी बदलता येतो. थंड इंजिनात खालची तोटी किंवा नळी सोडून जुना कूलंट पाटीत घ्या, नवा सावकाश भरा, इंजिन चालवून आतली हवा बाहेर पडू द्या, गार झाल्यावर पुन्हा पातळी पाहा. इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोड. सांडलेला कूलंट कुत्री-मांजरे चाटतात आणि दगावतात. पाटी लहान मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका.

इंजिन ऑइल : काळे म्हणजे वाईट नव्हे

थंडीत खोबरेल तेल थिजते, आणि फोडणीच्या कढईत गोडे तेल पाण्यासारखे पळते. तापमानाबरोबर तेलाचा दाटपणा बदलतो. इंजिनाची अडचण हीच. पहाटे सुरू होताना तेल वरपर्यंत चटकन पोहोचायला ते पातळ हवे, आणि गरम झाल्यावर धातूंमध्ये थर टिकायला ते पुरेसे दाट हवे. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एस.ए.ई.ने, १९११ पासून तेलांना दाटपणाचे क्रमांक दिले. डब्यावर '१० डब्ल्यू ३०' लिहिलेले असते, त्यातला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. थंडीत हे तेल १० क्रमांकाच्या तेलासारखे वागते आणि १०० अंशांना ३० क्रमांकाच्या. हे साधायला तेलात लांब साखळीचे रेणू मिसळतात. थंडीत ते गुंडाळून बसतात, उष्णतेत पसरतात आणि तेलाला फार पातळ होऊ देत नाहीत. सततच्या घर्षणात या साखळ्या तुटत जातात. तेल तेवढेच राहते, पण त्याचा हा गुण कमी होतो.

रंगाबद्दल मात्र एक गैरसमज आहे. तेलातल्या साबणासारख्या रसायनांचे कामच मुळी काजळी धरून ठेवण्याचे असते. म्हणून तेल काळे पडणे हे बहुधा ते काम करत असल्याचे लक्षण. भीती बाळगावी ती दुधाळ, ताकासारख्या दिसणाऱ्या तेलाची. त्याचा अर्थ तेलात पाणी किंवा कूलंट शिरला आहे.

*घरी काय पाहावे?* गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद करून ५-१० मिनिटे थांबा, म्हणजे वरचे तेल खाली उतरेल. डिपस्टिक काढून फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढून पातळी वाचा. पहिल्यांदा बाहेर काढताना दिसते ते वाचन खरे नसते. ते का, हा प्रश्न मुलांना विचारण्याजोगा आहे. पातळी वरच्या खुणेच्या पुढे नेऊ नका. जास्त तेल क्रँकच्या फटक्याने फेसाळते आणि फेस वंगणाचे काम करत नाही.

तेल बदलणे हे घरी करण्याजोगे चांगले काम आहे. इंजिन थोडे कोमट करून बंद करा. चाकांना ठोकळे लावा. गाडी उचलावी लागली तर ती पक्क्या स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. चेंबरच्या तळाचा बोल्ट सोडून तेल पाटीत घ्या. फिल्टर बदला, नव्या फिल्टरच्या रबरी कडीला तेलाचे बोट लावा आणि तो हाताने आवळा. बोल्ट नव्या वायसरसह बसवा. मग नरसाळ्याने पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा थोडे कमी तेल ओता, इंजिन मिनिटभर चालवा, थांबा, डिपस्टिक पाहा आणि उरलेले घाला. शेवटी गाडीखाली वाकून गळती नाही ना, ते पाहा.

बॅटरी : इथे उलटे

ब्रेक ऑइलमध्ये पातळी तीच राहते आणि पाणी वाढते. बॅटरीत पातळी उतरते, कारण पाणी जाते. चार्ज होताना पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन निघून जातात, काही पाण्याची वाफ होते. सल्फ्युरिक आम्ल मात्र आतच राहते. म्हणून भर घालायची ती फक्त डिस्टिल्ड वॉटरची, आम्लाची कधीच नाही. नळाच्या पाण्यातले क्षार पट्ट्या खराब करतात. पूर्ण चार्ज बॅटरीतल्या आम्लाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.२८ असते आणि बॅटरी उतरली की ते १.१२ च्या आसपास येते. हायड्रोमीटर नेमके हेच मोजतो. 'किती' हे खूण सांगते आणि 'कसे' हे हायड्रोमीटर. पाहताना जवळ काडी किंवा सिगारेट नको, कारण हायड्रोजन पेट घेतो. डोळ्यांवर चष्मा असावा. आजच्या अनेक बॅटऱ्या बंदिस्त असतात, त्या उघडायचा प्रयत्न करू नये.

काढलेले तेल कुठे टाकावे?

हा प्रश्न आपण बहुतेकदा विचारतच नाही. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये धातूचे कण आणि अर्धवट जळालेली रसायने असतात. ते गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतले तर विहिरी-ओढ्यापर्यंत पोहोचते आणि पाण्यावर तवंग धरते. आपल्या देशात ते घातक कचऱ्यात मोडते आणि २०१६ च्या नियमांनुसार ते पुनर्प्रक्रिया करणाऱ्या अधिकृत कारखान्यांकडेच जायला हवे. घरी तेल बदलणाऱ्याने ते जुन्या डब्यात घट्ट बंद करून, वापरलेले तेल जमा करून रीतसर पुढे पाठवणाऱ्या गॅरेजला द्यावे. जुना कूलंट, ब्रेक ऑइल यांचेही असेच वेगळ्या डब्यांत. सगळे एकत्र केले तर त्यावर प्रक्रिया करणे अवघड होते.

महिन्यातून १० मिनिटे

आता आमच्या घरी महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, गाडी थंड असताना बॉनेट उघडतो. मुलगी डिपस्टिक पुसते, मुलगा कूलंटची खूण वाचतो आणि दोघे वहीत तारीख, किलोमीटर आणि पातळ्या लिहितात. वहीचा उपयोग एका वेळच्या आकड्याने होत नाही, तीन-चार महिन्यांच्या फरकाने होतो. पातळी सावकाश उतरली की एकदम, हे वहीशिवाय कळत नाही. वहीच्या पहिल्या पानावर ब्रेक ऑइल, कूलंट आणि इंजिन ऑइल बदलल्याच्या तारखा आहेत, कारण 'कसे' या प्रश्नाचे घरच्या घरी मिळणारे सर्वांत भरवशाचे उत्तर तारीख हेच आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीत इंजिन ऑइल नसते, पण ब्रेक ऑइल तिच्यातही असते. वहीचे ते पान तिथेही लागेल.

शाळेत कोणा शिक्षकाची गाडी असेल तर दाब, उत्कलनबिंदू किंवा घनता शिकवताना मुलांना एकदा तिच्याभोवती उभे करा. बॉनेट उघडा, इंजिन थंड असू द्या आणि ब्रेक ऑइलची बाटली दाखवून विचारा, "पातळी तर बरोबर आहे. मग घाट उतरायला हरकत नाही ना?" मुलांकडून उलट प्रश्न येईपर्यंत थांबा.